वारा दिलेला नाही

खिडकीतून गंधकाचा वास आला की मला कळतं, बेदाण्याचे दिवस आले, म्हणजे प्रोजेक्टाइलचेही आले. तासगावात दोन्ही एकदमच येतं. रस्त्यावरून द्राक्षांचे क्रेट लादलेले ट्रॅक्टर धडधडत जातात, माळावरच्या शेडमध्ये हिरव्या जाळीआड मणी वाळत पडतात, त्यांना पिवळा रंग चढावा म्हणून दिलेल्या गंधकाची धुरी वाऱ्यानं गावभर फिरते आणि घशात बसते. आत वर्गात मी फळ्यावर एक आडवी रेघ ओढते, तिच्या टोकाशी तिरका बाण काढते, बाणाखाली थीटा लिहिते. मग तोच चेंडू, तोच कडा, तीच तोफ. बोर्डाची परीक्षा संपलेली असते, प्रवेश परीक्षा तोंडावर आलेली असते, आणि पोरं उजळणीला बसलेली असतात. अकरावीत शिकवलेलं सगळं ती विसरलेली असतात. मी काहीच विसरलेली नसते, ही माझी अडचण.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन. आजवर किती चेंडू फेकले, मोजलेले नाहीत. गच्चीवरून फेकले, धावत्या गाडीतून फेकले, विमानातून पूरग्रस्तांसाठी अन्नाची पाकिटं टाकली. सगळं आपापल्या जागी, सूत्रात बसेल तसं पडलं. मराठीत याला प्रक्षेप्य गती म्हणतात, पण वर्गात असं म्हटलं तर पोरं हसतात, म्हणून मीही प्रोजेक्टाइलच म्हणते. दर वर्षी विचारते, "सगळ्यात वरच्या बिंदूला वेग किती?" आणि दर वर्षी सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, "शून्य!" अरे, उभा वेग शून्य. आडवा तसाच आहे, तो कुठं जाईल? वर पोचलं की सगळं थांबतं, असं यांना कोण सांगतं देव जाणे. पूर्वी मी चिडायची. आता खडू खाली ठेवते, गुडघा चोळते आणि पुन्हा पहिल्यापासून सांगते.

"हवेचा रोध नाही असं समजा." हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणत असेन. पोरं माना डोलावतात. समजायला काय जातंय? समजा हवा नाही, समजा दोरीला वजन नाही, समजा टेबल गुळगुळीत आहे. पुस्तकाच्या पहिल्या भागात सगळं असं सुरळीत असतं. मग कॉलेज सुटतं, मी सांगलीच्या एसटीसाठी उन्हात उभी राहते, गाडी येते, दार उघडता उघडत नाही, पायरी चढताना गुडघा करकरतो, आणि सीटवर बसल्यावर कळतं की पुस्तकातून वगळलेला सगळा रोध याच गाडीत आणून ठेवलेला आहे.

सांगलीत घरी मी एकटी असते. मुलगा ओंकार पुण्यात, इंजिनिअर. त्याचा फोन रविवारी सकाळी येतो, न चुकता येतो, हे मला मान्य केलं पाहिजे. "बरी आहेस ना?" "हो, बरी. तू?" "बरा. जेवणबिवण?" "चाललंय." "गोळ्या घेतेस ना?" "घेते." मग दोघंही थोडं थांबतो. तो म्हणतो, "बरं, ठेवू?" मी म्हणते, "ठेव." भांडण नाही, तंटा नाही, प्रेमही आहे. पण फोन ठेवला की घर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटतं, आणि पुढचा रविवार येईपर्यंत तसंच राहतं.

यात त्याचा दोष नाही. आमच्या घराण्याचीच ही रीत आहे. मी मूळची माणदेशातली, दहिवडीकडची. आमच्याकडचे बाप मुंबईला असायचे. माझेही होते, गोदीत हमाली करायचे आणि जत्रेला घरी यायचे. आले की ओट्यावर बसून विचारायचे, "अभ्यास चाललाय न्हवं?" मी म्हणायची, "व्हय." मग ते समोरच्या मेंढरांकडं बघत बसायचे, आणि मी आत जायची. त्यांना पुढं काहीतरी विचारायचं असणार. मलाही सांगायचं होतंच, वर्गात पहिली आले होते, नवीन बाई आल्या होत्या, पायाला काटा मोडला होता. पण पुढची ओळ दोघांपैकी एकालाही सुचायची नाही. सुट्टी संपली की ते पिशवी उचलून पुन्हा गाडीला. आता ते नाहीत, आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

हे सगळं गंधकाच्या वासाबरोबर वर येतं, त्याला कारण आहे. काही वर्षांमागचा एक बेदाण्याचा हंगाम. त्या वर्षी बाजारात द्राक्ष उठेना, म्हणून ज्यानं त्यानं बेदाणाच टाकला होता. माळावर जिकडं बघावं तिकडं शेड. आणि रोज दुपारी चारच्या सुमारास आभाळ भरून यायचं. पाऊस पडायचा नाही, नुसता भिववायचा. वाळत घातलेल्या बेदाण्यावर पाणी पडलं की वर्षाची मेहनत काळी पडते, म्हणून दुपार झाली की वर्गातली अर्धी पोरं फळ्याऐवजी खिडकीकडं बघत असायची. त्यांना रागवण्यात अर्थ नव्हता, मीसुद्धा तिकडंच बघत असायची.

त्या वर्गात स्नेहल होती. पहिल्या बाकावर, लांब वेणी, कपड्यांना कायम शेडचा वास. पोरगी हुशार. उष्णता, प्रकाश, चुंबकत्व, काहीही द्या, उत्तर बरोबर. मग प्रोजेक्टाइलची चाचणी घेतली. माझी पद्धत अशी की नुसत्या पर्यायावर खूण चालत नाही, गणिताच्या पायऱ्या लिहायच्या, आणि तपासलेल्या पेपरवर पालकांची सही आणायची. पेपर तपासता तपासता स्नेहलचा हाती आला. प्रश्न साधा होता. जमिनीवरून अमुक वेगानं, अमुक कोनात गोळा सोडला, तो किती लांब जाऊन पडेल? खाली तिनं वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "वारा दिलेला नाही. उत्तर काढता येणार नाही."

मी आधी हसले, मग मला राग आला. पुढच्या गणितात मनोऱ्यावरून दगड फेकला होता. तिथं लिहिलं होतं, "पुस्तकातल्या उत्तरापेक्षा अलीकडं पडेल." मी भोपळा दिला आणि लाल शाईत लिहिलं, "हवा नाही!!" दोन उद्गारचिन्हं माझ्या हातून सहसा जात नाहीत. पेपर सही होऊन परत आला. माझ्या लाल शेऱ्याच्या खाली निळ्या शाईत, छापल्यासारख्या सरळ अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं, "हवा आहे." आणि खाली सही, पालक.

पुढच्या चाचणीत पुन्हा तेच. स्नेहलला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"हे काय चाललंय तुझं?"

"पप्पा म्हणतात मॅडम, वाऱ्याबिगर गोळा पडलेला त्यांनी कधी बघितला न्हाई."

"कुठं असतात तुझे पप्पा?"

"मेजर आहेत."

आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. तो तिथं स्वयंपाकी असो नाहीतर ड्रायव्हर, एसटीतून उतरला की पानपट्टीवाला त्याला मेजरच म्हणतो, आणि तोही नाही म्हणत नाही. म्हणून मी विचारलं, "खरेच मेजर?"

"न्हाई मॅडम. हवालदार होते, तोफखान्यात. दिवाळीला रिटायर होऊन आलेत."

आता आली का पंचाईत. ज्या गणितावर मी आयुष्यभर खडू झिजवला, तेच गणित त्या माणसानं नोकरीभर प्रत्यक्षात केलेलं. पण परीक्षा तोफखान्यात नव्हती, संगणकावर होती, आणि तिथं हवा धरली की मार्क जाणार होते. स्नेहलला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात जागा हवी होती, तिथं एकेक मार्कावर पोरं मागं पडतात. मी ठरवलं, या मेजरांना भेटायचं आणि स्पष्ट सांगायचं, तुम्ही पोरीच्या फिजिक्समधून अंग काढून घ्या.

हंगामात इथली घरं मास्तरांना बागेत बोलावतातच. "मॅडम, एकदा द्राक्षं खायाला या की." मी कधी जात नाही, मला द्राक्षानं खोकला होतो. त्या दिवशी म्हटलं, येते. वर्ग सुटल्यावर स्नेहलची आई स्कूटर घेऊन फाटकापाशी आली. सुनंदाताई. उन्हानं रापलेल्या, डोक्याला स्कार्फ, आणि स्कूटर अशी चालवायच्या की मी मागं दोन्ही हातांनी दांडी धरून बसले. नवरा सीमेवर असताना बाग यांनीच उभी केली होती, फवारणी, छाटणी, सगळं.

वाटेत त्या मान मागं न वळवता बोलत राहिल्या. "आवं म्याडम, आल्यापास्नं ह्ये माज्या मागं मागं फिरत्यात. काय करू सांग, म्हनत्यात. म्हनलं, काय करू नगा, तेवढं लय झालं. परवा औषिदाचं माप इचारलं, सांगस्तवर माझी फवारनी झाली सुदीक."

मी हसले. रस्त्यावर खड्डा आला, तो चुकवून त्या म्हणाल्या, "पर ल्येकीशी बोलाय लागल्यात, त्ये बरं झालं बगा. आदी फोन आला की, जेवलीस का, न् आईला दे, बास. सुट्टीला आल्यालं बी पावन्यावानी बसायचं. ती लाजायची, ह्ये बी लाजायचं. आता सांज झाली की दोगं पुस्तक घिऊन बसत्यात. भांडत्यात काय, हासत्यात काय. मी भाकरी थापत ऐकती. मला त्यातलं कळत न्हाई कायबी, पर बरं वाटतं."

मी वर्गातून निघताना चार वाक्यं जुळवून ठेवली होती. ती मला एकदम जड वाटायला लागली. पण पोरीचे मार्कही खरे होते. एरवी मी सहसा लवकर एका निर्णयावर येते. त्या दिवशी शेड येईपर्यंत काहीच ठरलं नाही.

शेडच्या तोंडाशी बाजेवर मेजर बसले होते. उंच, पाठ ताठ, पायात स्वच्छ बूट. बागेत एवढे स्वच्छ बूट मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत. मला पाहून उठले, "जय हिंद, म्याडम." माझं पुस्तक त्यांच्या हातात होतं आणि बोट पानात होतं. स्नेहल उलट्या क्रेटवर बसलेली. समोरच्या मातीत काठीनं एक कमान काढलेली होती. चढताना लांबट, सावकाश, आणि उतरताना एकदम खाली. फळ्यावर मी काढते ती दोन्हीकडून सारखी असते.

स्टीलच्या ताटात द्राक्षं आली. मी एक मणी तोंडात टाकला आणि खोकले. मेजर म्हणाले, "म्याडम, तुमच्या पुस्तकात गोळा चढतो तसाच उतरतो. जायाला जेवढा येळ, यायाला तेवढाच. ज्या वेगानं सुटला त्याच वेगानं भुईला लागला. असं कुटं असतंय?"

"हवा नसेल तर असतं, मेजर."

"हवा नसंल तर? आवं मग आमी तितं श्वास कशात घेत हुतो?"

स्नेहल खुदकन हसली. मलाही हसू आवरलं नाही. मग ते सांगत सुटले. थंडीत भल्या सकाळी डागलं की गोळा अलीकडं पडतो, ऊन तापलं की पुढं जातो. उंच डोंगरात हवा विरळ, तिथं गोळा जातोय तो जातोयच, नव्या पोराला पहिल्या दिवशी अंदाजच येत नाही. सांगताना त्यांचा हात हवेत वर जायचा, थांबायचा आणि खाली यायचा. "जायाचं येगळं असतं म्याडम, न् यायाचं येगळं," ते म्हणाले. ते गोळ्याविषयीच बोलत होते. सुनंदाताई आत जाळीवरचे मणी हलवत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही.

एवढ्यात आभाळ भरून आलं आणि वारा सुटला. मेजर ताडकन उठले. हवेत हात धरला आणि मोठ्यानं हुकूम दिला, "वारा डावीकडनं हाय! आदी ती बाजू सोडा!" आम्ही डावीकडं पाहिलं. त्या बाजूचा प्लास्टिकचा कागद सुनंदाताईंनी केव्हाच खाली सोडून दोरीनं आवळला होता.

"बांदली," त्या म्हणाल्या. "बसा तुमी."

मेजर क्षणभर उभे राहिले, मग बसले. बुटातले पाय जवळ ओढून घेतले. त्या माणसाला त्या शेडमध्ये करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि ते त्यालाही माहीत होतं. त्यानं पुस्तक पुन्हा मांडीवर घेतलं आणि लेकीला म्हणाला, "हं, तर आपन कुटं हुतो?" हे मी पाहिलं नसतं तर मला बोलायला सोपं गेलं असतं.

पाऊस आला नाही. आता बोलावं म्हणून मी घसा साफ केला, तोच स्नेहल उठली. "मॅडमना बाग दाखवून आणते," म्हणाली, आणि मला जवळजवळ ओढतच वेलींच्या मांडवाखाली घेऊन गेली. घड उतरवून झालेली बाग होती, पानं धुळीनं पांढरी पडलेली. शेडपासून पुरेसं लांब आल्यावर ती थांबली.

"मॅडम, तुम्ही पप्पांना सांगायला आलाय, व्हय ना?"

"हो. तुझे मार्क जातायत, स्नेहल."

"न्हाई जात. येतंय मला ते." आणि तिनं घडाघडा म्हणून दाखवलं. यू स्क्वेअर साइन टू थीटा अपॉन जी. पंचेचाळीस अंशाला सगळ्यात लांब. वरच्या टोकाला उभा वेग शून्य, आडवा तसाच. हवा धरायची नाही.

"मग चाचणीत काय झालं होतं तुला?"

ती वेलीचं एक पान चुरडत राहिली. "चाचणीच्या पेपरवर सही लागती ना मॅडम. आधी मम्मी न बघताच करायची. आता पप्पा करतात. ओळन् ओळ वाचतात. मी हवा सोडून गणित केलं, तर म्हणतील, मॅडमचंच बरोबर हाय, न् पुस्तक देऊन टाकतील. मग आम्ही काय बोलायचं?"

ती पुढं म्हणाली, "परीक्षेचा पेपर घरी येत न्हाई. कॉम्प्युटरवर असतो. कच्चा कागदसुद्धा तिथंच जमा करायचा. तिथं मी बरोबर करणार. तुम्ही सांगू नका, मॅडम."

"हाताला सवय लागते गं," मी म्हणाले. "घाईत हात आधी चालतो."

"न्हाई लागत."

एवढ्या खात्रीनं मी वर्गात काही बोललेलं मला आठवत नाही. शेडपाशी परत आले, मेजरांचा निरोप घेतला. सुनंदाताईंनी स्टँडवर सोडलं. मी काहीच सांगितलं नाही.

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. मी चाचणी घ्यायची, स्नेहल वारा धरायची, मी भोपळा द्यायची, मेजर "हवा आहे" लिहून सही करायचे. एकदा मी लिहिलं, "अभ्यासक्रमात हवा नाही." खाली उत्तर आलं, "अभ्यासक्रमाबाहेर आहे." हा पत्रव्यवहार मला आवडायला लागला होता, हे कबूल करायला हरकत नाही. पण भीतीही होती. रोज चुकीचं लिहिणारा हात त्या एका सकाळी बरोबर लिहील कशावरून? परीक्षेच्या दिवशी मी कॉलेजात कोऱ्या फळ्यासमोर बसून होते. स्नेहल तिथं सांगलीत कुठल्याशा खोलीत पडद्यासमोर बसली असेल, पडद्यावर एक गोळा सुटला असेल, आणि तिला बापाला बाजूला ठेवावं लागलं असेल.

निकाल लागायच्या आत मेजर कॉलेजात आले. हातात बेदाण्याचा खोका. वर्ग रिकामा होता, ते पहिल्या बाकावर बसले, नेमके स्नेहलच्या जागेवर. गुडघे बाकाला टेकत होते.

"म्याडम, पोरीनं पेपरात हवा सोडली असंल न्हवं?"

मी सावध झाले. "तुम्हाला काय वाटतं?"

"सोडली असंल. शानी हाय ती."

"म्हणजे? परीक्षेत हवा धरत नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं?"

"आवं, मी बी बारावी सायन्सलाच हुतो. फिजिक्समंदी उडालो न् भरतीला पळालो. पुस्तकात हवा नसती, येवडं मला बी ठावं हाय."

मला हसावं की ओरडावं कळेना. "मग एवढे दिवस माझ्याशी आणि तिच्याशी भांडत का होता?"

ते खोक्याच्या झाकणावरची चिकटपट्टी नखानं खरवडत राहिले. मग म्हणाले, "हवा काढली की गनित दोन वळीत सुटतंय, म्याडम. सुटलं की ती पुस्तक मिटती न् उटून जाती. हवा धरली की सुटतच न्हाई. ती खोडती, मी खोडतो, पुन्ना मांडतो. सांज हुती, आई जेवाय हाका मारती, तरी ती बसल्याली असती."

बाहेरून ट्रॅक्टर गेला. त्यांनी खोका माझ्याकडं सरकवला.

"तिला सांगू नगासा," ते उठता उठता म्हणाले.

मी नाही सांगितलं. तिचं त्यांना सांगितलं नाही, त्यांचं तिला सांगितलं नाही. आयुष्यात पुष्कळ गोष्टी मी कंटाळ्यानं बोलले नाही, ही एक जपून बोलले नाही. आणि मेजर म्हणाले ते अगदी खरं होतं, गणित म्हणूनसुद्धा. हवा धरली की सूत्र मोडतं. कागदावर सरळ उत्तर येत नाही, थोडं पुढं जायचं, पुन्हा मोजायचं, आणखी थोडं पुढं जायचं, असं सरपटत जावं लागतं. आम्ही पोरांना हवा काढून देतो ते एवढ्यासाठीच, की त्यांचं लवकर सुटावं.

निकाल लागला. फिजिक्समध्ये स्नेहल वर्गात सगळ्यात पुढं. हव्या त्या कॉलेजात जागा मिळाली, सिव्हिलला, आणि ती वसतिगृहात राहायला गेली. मला वाटलं, संपलं आता त्या दोघांचं. पुढं कधीतरी सुनंदाताई बाजारात भेटल्या. मी जरा भीतभीतच विचारलं, मेजर काय म्हणतात?

"काय म्हनत्यात! रोज फोनवर भांडान. तिला आता पुलाचं काय तरी हाय म्हनं, न् तितं पुस्तकातच वारा दिलाय. मग तर काय, इचारूच नगा. फोन तापतोय, पर ह्ये ठिवत न्हाईत."

त्या हसत होत्या. मीही हसले, गवार घेतली आणि घरी आले. त्या रविवारी ओंकारचा फोन आला होता, आणि नेहमीसारखाच पाच-सहा वाक्यांत संपला होता.

या वर्षी पुन्हा तेच. काल शनिवारी फळ्यावर आडवी रेघ ओढली, बाण काढला, म्हणाले, "हवेचा रोध नाही असं समजा." मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, आणि धरला तर?" मी घड्याळ पाहिलं. गुडघा दुखत होता, भाग संपायचा होता. "परीक्षेत येत नाही," मी म्हणाले आणि पुढचं गणित घातलं. तिनं हात खाली घेतला. बरोबरच होतं माझं. उजळणीला वेळ नसतो. पण घरी येईस्तोवर तिचा तो खाली घेतलेला हात माझ्याबरोबर एसटीत होता.

आज सकाळी चहा ठेवला होता, तेव्हा फोन वाजला.

"बरी आहेस ना?"

ओठांवर "हो, बरी" आलं होतं. ते म्हटलं की पुढचं सगळं आपोआप सुटतं. तू, बरा, जेवण, गोळ्या, ठेवू, ठेव. मी गॅस बंद केला आणि खुर्चीत बसले.

"एक गणित अडलंय रे," मी म्हणाले.

"तुला? कसलं?"

"प्रोजेक्टाइलचं."

"आई, ते तर तू झोपेत करतेस."

"हवा धरून करायचंय. सुटत नाही."

मला वाटलं, आता म्हणेल, बघतो नंतर, ठेवू? मी नकळत फोन घट्ट धरला होता. मग पुण्यातल्या त्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, खण उघडल्याचा आवाज आला.

"थांब, कागद घेतो," ओंकार म्हणाला. "हं, सांग. वारा कुठून आहे?"